क्रीडांगणावरील पंक्तिभेद

खेळ आणि उत्सव यांची सांगड मनुष्याने फार प्राचीन काळापासून घातली आहे. आपल्याकडे ग्रामदेवतेची यात्रा म्हटली की देवदर्शनाच्या जोडीला कुस्त्यांचा फड आलाच; आमच्या विदर्भात तर शंकरपटावाचून कित्येक गावांच्या यात्रेस रंग चढत नाही. यात्रा उलगडते, दुकाने उठतात, परंतु अमक्या साली अमक्याने अमक्यास चीत केले ही वार्ता पुढे पिढ्यान्‌पिढ्या ओटीवर सांगितली जाते. सणाने खेळास प्रतिष्ठा द्यावी आणि खेळाने सणाची आठवण राखावी, असा हा परस्परांचा ऋणानुबंध आहे.

ज्यांची मुले-नातवंडे विद्येच्या अथवा चाकरीच्या निमित्ताने अमेरिकेत राहतात, अशा घरांतून नाताळ व नववर्ष यांच्या सुमारास ‘बाऊल’ हा शब्द वरचेवर ऐकू येतो. तेथील महाविद्यालयांचे फुटबॉलचे संघ हंगामाच्या अखेरीस निरनिराळ्या नगरांत मानाचे सामने खेळतात, त्यांस हे नाव आहे. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. त्याचा चेंडू लांबट असतो आणि तो पायापेक्षा हातानेच अधिक खेळला जातो. बाऊल म्हणजे वाडगा. प्रेक्षकांच्या बैठकांची उतरंड चोहोबाजूंनी चढत गेल्यामुळे सबंध क्रीडागार एखाद्या मोठ्या वाडग्यासारखे दिसते, म्हणून आधी त्या वास्तूस आणि मग तेथील सामन्यास हे नाव पडले.

यांतील सर्वांत जुना सामना कॅलिफोर्नियातील पासाडेना नगरीचा. त्या गावी हिवाळ्यातही गुलाब फुलतात, या गोष्टीचा तेथील लोकांस मोठा अभिमान. थंडीने गारठलेल्या पूर्वेकडील बांधवांस आपले वैभव दिसावे, या हेतूने १८९० सालच्या पहिल्या जानेवारीस त्यांनी फुलांनी शृंगारलेल्या गाड्यांची मिरवणूक काढली. १९०२ साली या उत्सवास फुटबॉलच्या सामन्याची जोड मिळाली. त्या पहिल्या सामन्यात मिशिगनच्या संघाने स्टॅनफर्डचा ४९ विरुद्ध ० असा धुव्वा उडविला. आणि यजमान इतके खट्टू झाले की पुढे काही वर्षे फुटबॉलऐवजी रोमन पद्धतीच्या रथांच्या शर्यती लावण्यात आल्या. १९१६ पासून मात्र हा सामना प्रतिवर्षी होऊ लागला. १९२२ साली ‘रोझ बाऊल’ नावाचे क्रीडागार बांधून झाले आणि तेच नाव सामन्यास चिकटले. पहिली जानेवारी रविवारी आली तर मिरवणूक व सामना दुसऱ्या दिवशी करावयाचा, असा तेथील जुना शिरस्ता आहे. देवळात प्रार्थना चालू असताना बाहेर घोडे बुजून गोंधळ होऊ नये, हे त्याचे मूळ. एकादशी आणि शिवरात्र एकत्र आल्यास काय करावे याचा खल करणाऱ्या आपल्या मंडळींस हा शिरस्ता परका वाटू नये.

पासाडेनाचे यश पाहून इतर नगरांनीही आपापले वाडगे मांडले. दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स हे उसाच्या प्रदेशातील शहर, तेव्हा तेथील सामना झाला ‘शुगर बाऊल’. तो १९३५ च्या पहिल्या जानेवारीस सुरू झाला. कापसाच्या टेक्सस प्रांतात ‘कॉटन बाऊल’ आला. ज्या गावचे जे पीक, त्याचे नाव त्याच्या उत्सवास. ही कल्पना कोणासही आवडण्याजोगी आहे.

येथवर सर्व गोड झाले. परंतु जेथे उत्सव असतो तेथे पंगत असते, आणि जेथे पंगत असते तेथे कोणास कोठे बसवावयाचे हा प्रश्न असतो. अमेरिकेच्या दक्षिण प्रांतांत कृष्णवर्णीय मनुष्यास गोऱ्यांच्या शाळेत, गाडीत वा उपाहारगृहात बरोबरीने स्थान नव्हते, तसेच क्रीडांगणावरही नव्हते. उत्तरेकडील एखाद्या विद्यालयाच्या संघात तसा खेळाडू असला, तर दक्षिणेत येताना त्यास घरी ठेवून या, असे सांगण्यात येई. आणि खेद याचा की, कित्येक संघ ते निमूटपणे ऐकत.

१९५६ सालच्या शुगर बाऊलसाठी पिट्सबर्ग विद्यापीठ आणि जॉर्जिया टेक यांची निवड झाली. पिट्सबर्गच्या संघात बॉबी ग्रायर नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. १९५५ च्या डिसेंबराच्या पहिल्या तारखेस माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या बाईंनी मोटारीतील आपली जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्याच्या दुसऱ्याच दिवशी जॉर्जियाचे राज्यपाल मार्व्हिन ग्रिफिन यांनी तार ठोकली की, मिश्र वर्णांच्या संघाशी आमच्या प्रांतातील विद्यालयांनी खेळू नये. यावर जे घडले ते राज्यपालांच्या कल्पनेपलीकडचे होते. जॉर्जिया टेकचे विद्यार्थी, म्हणजे गोऱ्यांचीच मुले, रात्री रस्त्यावर उतरली, राज्यपालांच्या निवासस्थानावर चालून गेली आणि त्यांनी त्यांची प्रतिमा जाळली. विद्यालयाचे अध्यक्ष ब्लेक व्हॅन लियर हेही ठाम राहिले. अखेर १९५६ च्या दुसऱ्या जानेवारीस सामना झाला आणि ग्रायर खेळला. शुगर बाऊलमध्ये खेळणारा तो पहिला कृष्णवर्णीय होय. जॉर्जिया टेकने ७ विरुद्ध ० असा सामना जिंकला; तो निर्णायक गुणही ग्रायरच्या विरुद्ध दिलेल्या पंचांच्या एका वादग्रस्त निर्णयातून आला.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. रस्त्यावर आलेली ती सर्वच मुले समतेच्या तत्त्वासाठी आली होती, असे समजणे भोळेपणाचे होईल. त्यांतील पुष्कळांस आपला हक्काचा सामना हातचा जाऊ द्यावयाचा नव्हता, एवढेच. परंतु खेळाच्या ओढीने का होईना, शतकांचे कुलूप लागलेले दार किलकिले झाले. लुइझियाना प्रांताने त्याच वर्षी मिश्र वर्णांच्या खेळांस बंदी करणारा कायदा करून ते पुन्हा लोटण्याचा यत्न केला. तो कायदा पुढे न्यायालयाने रद्द ठरविला आणि १९५९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालावर शिक्कामोर्तब केले.

ही कथा वाचून आपल्यापैकी कोणी ‘काय ते रानटी लोक!’ असे म्हणून मिशीवर ताव देऊ लागेल, तर त्यास आम्ही थोडे थांबावयास सांगू. असाच वार्षिक उत्सव आपल्या मुंबापुरीतही होत असे. त्याची पंगतही तशीच होती. आणि त्या पंगतीत वाढणारे हात परक्यांचे नव्हते.

मुंबईचे चौरंगी सामने ठाऊक असलेले वृद्ध आता क्वचितच भेटतील. म्हणून त्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्रजांचे क्रिकेट प्रथम उचलले ते पारशी बांधवांनी. १८४८ साली त्यांनी आपला पहिला क्लब काढला. १८७७ मध्ये पारशी आणि बॉम्बे जिमखान्याचे युरोपियन यांचा पहिला सामना झाला, आणि १८९२ पासून तो ‘प्रेसिडेन्सी सामना’ म्हणून मान्यता पावला. पुढे हिंदूंनी आव्हान दिले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांस १०९ धावांनी हरविले, तेव्हा साऱ्या देशात आनंदीआनंद झाला. १९०७ साली पारशी, हिंदू व युरोपियन मिळून तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ साली मुसलमान संघ आल्याने ते चौरंगी झाले. आणि १९३७ मध्ये ख्रिस्ती व इतर यांचा ‘इतर’ या नावाचा संघ घेतल्याने ते पंचरंगी झाले. सत्याग्रहाच्या चळवळीमुळे १९३० ते १९३३ या काळात ते झाले नाहीत. १९३४ साली ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा ए. एफ. एस. तल्यारखान यांनी नभोवाणीवरून सामन्याचे वर्णन केले. आपल्या देशातील क्रिकेटच्या धावत्या वर्णनाचा तो ओनामा समजला जातो.

या सामन्यांचा थाट काय वर्णावा! मैदानाभोवती जिमखान्यांचे तंबू पडत, पेढ्यांचे व कचेऱ्यांचे लक्ष कामात नसे, आणि ज्यांस तिकीट मिळत नसे ते झाडांवर व घरांच्या गच्च्यांवर चढत. आमच्या नागपुरास या सामन्यांचे विशेष अगत्य असे, त्याचे कारण कर्नल सी. के. नायडू. नागपुरात स्थायिक झालेल्या तेलुगुभाषी घराण्यात ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी त्यांचा जन्म झाला. १८८३ साली स्थापन झालेल्या येथील हिस्लॉप महाविद्यालयाचे ते विद्यार्थी. १९१६ साली हिंदूंच्या संघातून युरोपियनांविरुद्ध ते प्रथम खेळले आणि त्यांनी आपल्या धावांचे खाते षटकाराने उघडले. पुढे १९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांच्या इंग्लिश संघाविरुद्ध बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर त्यांनी १५३ धावा केल्या, त्यांत षटकार ११. त्याच महिन्यात पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांनी त्याच संघाविरुद्ध १४८ धावा काढल्या. संस्कृत शिकविणारा मनुष्य गोऱ्या गोलंदाजांस असा चोप देतो, हे ऐकून त्या काळच्या शास्त्रीमंडळींस किती गुदगुल्या झाल्या असतील, याची कल्पना आम्हांस येऊ शकते. १९३२ साली लॉर्ड्‌सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला, त्याचे कर्णधारपद आमच्या नागपूरच्या नायडूंकडेच होते.

आता पंगतीकडे वळू. ज्या हिंदू संघाने १९०६ साली युरोपियनांस नमविले, त्या संघाचा एक मुख्य आधार होता डावखुरा गोलंदाज पालवणकर बाळू. त्याचा जन्म १८७६ साली धारवाडास, अस्पृश्य मानलेल्या चांभार कुटुंबात झाला. पुण्यास प्रथम पारशांच्या व नंतर गोऱ्यांच्या क्लबात तो मैदान झाडणे, रूळ फिरविणे, सरावाच्या जाळ्या बांधणे अशी कामे दरमहा तीन-चार रुपयांवर करी. तेथे जे. जी. ग्रेग या नामांकित इंग्रज फलंदाजास सरावासाठी गोलंदाजी करता करता त्याच्या बोटांत विद्या उतरली. त्यास फलंदाजीची संधी मात्र कोणी देत नसे. ती विद्या हिंदू क्लबाच्या डोळ्यांत भरली, तेव्हा मोठाच पेच उभा राहिला. गोऱ्यांस हरवावयाचे तर बाळू पाहिजे. आणि बाळू पाहिजे तर तो स्पर्श केलेला चेंडू हाती घेतला पाहिजे. पुण्याच्या काही ब्राह्मण सभासदांनी विरोध केला. शेवटी तोड निघाली ती अशी: मैदानावर बाळू सर्वांबरोबर खेळेल, परंतु चहाच्या वेळी इतर मंडळी आत चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेतील आणि बाळूस बाहेर, फेकून देण्याजोग्या मातीच्या भांड्यात तो दिला जाईल. जेवणाचे पानही वेगळे.

वाचकहो, या तडजोडीकडे क्षणभर तर्कशास्त्राच्या दृष्टीने पाहा. चेंडू चामड्याचा, तो बाळूच्या हातातून यष्टिरक्षकाच्या हाती, तेथून क्षेत्ररक्षकांच्या हाती दिवसभर फिरे. तेवढा वेळ विटाळ नाही. चार वाजले, चहा आला, की विटाळ उत्पन्न होई. आचार म्हणून ज्याचे समर्थन केले जात होते, तो आचारही येथे सुसंगत नव्हता. जेथे आपला लाभ होता तेथे शास्त्र शिथिल झाले, आणि जेथे केवळ त्या मनुष्याचा मान राखावयाचा होता तेथे ते कडक झाले. यास धर्म म्हणावे की व्यवहार, हे सुज्ञांनीच ठरवावे.

तथापि खेळाने आपले काम केले. मुंबईस आल्यावर बाळू संघातील इतरांबरोबर एका पंगतीस बसू लागला आणि १९०६ च्या विजयानंतर सुधारक पत्रांनी या गोष्टीचे मुक्तकंठाने कौतुक केले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडास गेला. तेथे संघाची एकंदर कामगिरी बेताची झाली. पण बाळूने ११४ बळी घेतले. तो परत आला तेव्हा त्याच्या समाजाने केलेल्या सत्कारातील मानपत्र तयार करणारा एक तरुण पुढे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर म्हणून विश्वविख्यात झाला. १९३७ च्या निवडणुकीत हे दोघे परस्परांविरुद्ध उभे राहिले आणि त्यात आंबेडकर विजयी झाले, हाही इतिहासाचा एक खेळच.

परंतु पंगतीत बसणे निराळे आणि पंगतीचा यजमान होणे निराळे. बाळू संघातील सर्वांत अनुभवी व कर्तबगार खेळाडू असूनही कर्णधारपद त्यास मिळेना. त्याचे धाकटे बंधू विठ्ठल, शिवराम आणि गणपत हेही उत्तम खेळाडू होते. १९२० सालचे चौरंगी सामने आले. त्या वेळी बाळूस संघातूनच वगळण्यात आले आणि नेतृत्वाच्या बाबतीत विठ्ठलचीही उपेक्षा झाली. तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी कारण उघडपणे सांगून संघ सोडला. लोकमत त्यांच्या बाजूने खवळले. अंतिम सामन्यास तिन्ही बंधू संघात परतले, बाळूस उपकर्णधार नेमले, आणि कर्णधार पै यांनी काही वेळ मैदानाबाहेर जाऊन बाळूस संघ चालविण्याची संधी दिली.

हा प्रसंग वाचताना आम्हांस महाभारतातील आदिपर्वाची आठवण होते. द्रोणाचार्यांच्या शिष्यांची परीक्षा पाहण्यास रंगमंडप सजला आहे, सारे नगर लोटले आहे. अर्जुनाची अस्त्रविद्या पाहून लोक स्तिमित झाले असता कर्ण पुढे येतो आणि तेच सारे करून दाखवितो. तेव्हा कृपाचार्य त्यास प्रश्न करतात तो धनुर्विद्येविषयी नव्हे. ते विचारतात त्याचे माता-पिता आणि कुल. कर्णाची मान खाली जाते. दुर्योधन तत्काळ त्यास अंगदेशाचा राजा करतो. आपण लहानपणापासून ही कथा ऐकत आलो, आणि दुर्योधनाच्या औदार्याचे आपणांस कौतुकही वाटले असेल. परंतु नीट पाहिले तर प्रश्न सुटला कोठे? कुल विचारणे योग्य की अयोग्य, हा मूळ मुद्दा तसाच राहिला. फक्त एका मनुष्यापुरती त्यातून पळवाट निघाली. तो दिवस मावळला आणि अर्जुन व कर्ण यांची बरोबरी त्या रंगमंडपात अखेरपर्यंत जोखली गेलीच नाही.

पै यांचे मैदानाबाहेर जाणे उदार होते, यात शंका नाही. परंतु ते दान होते, न्याय नव्हता. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, न्याय घेणाऱ्याच्या अधिकारावर. तो न्याय १९२३ साली झाला, जेव्हा विठ्ठल पालवणकर रीतसर हिंदू संघाचा कर्णधार नेमला गेला. आणि त्याच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी अंतिम सामन्यात युरोपियनांस हरविले. ज्या भावास मातीच्या भांड्यात चहा मिळाला, त्याचाच धाकटा भाऊ हिंदू नावाच्या संघाचा नायक झाला. याच विठ्ठलरावांनी पुढे ‘माझे क्रीडाजीवन’ हे आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले. ज्यांस ग्रंथालयात ते मिळेल त्यांनी ते अवश्य वाचावे. आपल्या धर्मशास्त्रात ‘पंक्तिपावन’ असा एक शब्द आहे. ज्याच्या बसण्याने सारी पंगत पवित्र होते, तो पंक्तिपावन. हिंदू संघाच्या त्या पंगतीत हे विशेषण कोणास शोभते, हे आम्ही वेगळे सांगावयास नको.

एवढे झाले तरी त्या उत्सवाच्या मुळाशी असलेला दोष गेला नव्हता. संघच मुळी धर्माच्या नावाने उभे होते. १९३७ साली नव्या ब्रेबोर्न स्टेडियममधील जागांच्या वाटपावरून वाद होऊन हिंदू संघाने माघार घेतली. दिवसेंदिवस देशातील हवा तापू लागली, तसतसे या सामन्यांवर आक्षेप वाढले. १९४० च्या डिसेंबरात हिंदू जिमखान्याचे सभासद महात्मा गांधींचा सल्ला घेण्यास गेले. देशातील पुढारी तुरुंगात आणि जगात युद्ध पेटलेले असताना असा सोहळा करू नये, आणि खेळाच्या मैदानात धर्माधिष्ठित संघ असूच नयेत, असा त्यांचा अभिप्राय पडला. सामन्यांचे कैवारीही पुष्कळ होते. खेळाडू परस्परांचे स्नेही आहेत, प्रेक्षक चांगल्या खेळास टाळ्या देतात, मग यात वैर कोठे, असे ते म्हणत. आणि त्यात तथ्यही होते. १९४३ सालच्या अंतिम सामन्यात हिंदूंच्या विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा केल्या, आणि ‘इतर’ संघाच्या विजय हजारे यांनी संघाच्या ३८७ पैकी एकट्याने ३०९ काढल्या. सांगलीचे मराठी ख्रिस्ती हजारे आणि मुंबईचे हिंदू मर्चंट या दोघांवरही लोकांनी सारखेच प्रेम केले. तरीही हजारे यांच्यासारखा पुरुष त्या पंगतीत ‘इतर’ या नावाने बसत होता, ही गोष्ट उरतेच. १९४५-४६ च्या हंगामानंतर हे सामने कायमचे बंद झाले. १९३४ साली प्रांतवार संघांसाठी रणजी करंडक आणि १९३५ साली विद्यापीठांसाठी रोहिंटन बारिया चषक सुरू झाला होता. ग्राम, प्रांत आणि विद्यालय यांच्या नावाने खेळण्याची वाट त्यांनी मोकळी केली होती.

ती वाट कोठवर आली आहे, हे आम्हां बेसा येथील रहिवाशांस दूर जाऊन पाहावे लागत नाही. जामठ्याचे विस्तीर्ण क्रीडागार आमच्या परिसरापासून जवळच आहे. २०१७-१८ च्या हंगामात विदर्भाने प्रथमच रणजी करंडक जिंकला, तो इंदुरास दिल्लीचा पराभव करून. कर्णधार फैज फजल; त्या अंतिम सामन्यात सलग तीन चेंडूंवर तीन बळी घेणारे रजनीश गुरबानी आणि शतक ठोकणारे अक्षय वाडकर. पुढील हंगामात विदर्भाने करंडक राखला. आणि २०२४-२५ मध्ये वाडकरांच्या नेतृत्वाखाली जामठ्यावरच केरळाविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तो पुन्हा मिळविला. चौरंगीचा नियम लावला असता तर फजल एका तंबूत आणि गुरबानी-वाडकर दुसऱ्या तंबूत बसले असते, आणि विदर्भ नावाचा विजय कोणाच्याच पदरी पडला नसता.

हे सारे आज का लिहावे? कारण जे दार एकदा उघडले ते आपोआप उघडे राहत नाही. अलीकडे शहरांतून ‘अमुक समाज चषक’, ‘तमुक ज्ञाती लीग’ असे फलक दिसू लागले आहेत. आपल्या घरांतील मुलेही त्यांत हौसेने नावे देतात. आम्ही अशा मेळाव्यांस एकदम दोष देणार नाही. दूर पांगलेली आप्तमंडळी एकत्र यावीत, तरुणांची परस्परांशी ओळख व्हावी, हा हेतू वावगा नाही. कुटुंबाच्या स्नेहसंमेलनात काका-पुतण्यांनी बॅट हाती घेतली म्हणून कोणाचे बिघडत नाही. परंतु जेथे गावभरची मुले एकाच मैदानावर रोज खेळतात, तेथे चषकाच्या दिवशी आडनावे पाहून निम्मी मुले बाजूस उभी करावयाची, हे त्या मातीच्या भांड्याचेच नवे रूप होय. संघाचे नाव काय आहे यापेक्षा त्याचे दार कोणास बंद आहे, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी विचारावे.

शाळेतील दीर्घ नोकरीत एक गोष्ट आम्ही वर्षानुवर्षे पाहिली. मधल्या सुट्टीत मुले आपणहून दोन गट पाडतात, तेव्हा ती कधीही कुल विचारत नाहीत. कोण वेगाने धावतो, कोणाचा झेल सुटत नाही, एवढेच त्यांना माहीत असते. ज्याला खेळ येत नाही त्यासही ती शेवटी कोठे तरी उभे करतातच. कृपाचार्यांचा तो प्रश्न मुलांस जन्मतः ठाऊक नसतो. तो आपण मोठी माणसे त्यांस शिकवितो; कधी उघड बोलून, अधिक वेळा घरी आलेल्या मित्रास कोणत्या पेल्यात पाणी देतो यावरून.

जॉर्जियाच्या विद्यार्थ्यांनी सामना हवा म्हणून दार उघडले. पुण्याच्या मंडळींनी विजय हवा म्हणून उघडले. म्हणजे दोन्हीकडे आरंभ स्वार्थातूनच झाला, आणि त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. मनुष्यस्वभाव असाच आहे. मात्र स्वार्थाने उघडलेले दार स्वार्थ सरताच लोटले जाते. ते उघडे ठेवणे हे विवेकाचे काम आहे. येत्या सुट्टीत आपल्या अंगणात, गच्चीवर किंवा सोसायटीच्या मैदानावर मुलांचा डाव रंगेल आणि दमलेली पोरे पाणी मागत घरात शिरतील, तेव्हा गृहिणींनी सर्वांस एकाच तांब्यातून, एकसारख्या पेल्यांतून पाणी द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.